मराठीत एकच शब्द, इंग्रजीत दोन: त्यातला नेमका कोणता, हे ठरवायचं कसं

"आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." आपल्याकडच्या ऑफिसांत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. अर्थ कळतो, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. पण या सात शब्दांत तीन चुका आहेत आणि तिन्ही एकाच जागेहून आल्यात: "मी इथे पाच वर्षांपासून राहतोय" या अगदी बिनचूक मराठी वाक्यातून. आपल्याकडे 'राहणे' एकच, इंग्रजीत लिव्ह आणि स्टे वेगळे. आपल्याकडे 'पासून' एकच, इंग्रजीत सिन्स आणि फॉर वेगळे. आणि 'राहतोय' हा आपला साधा चालू वर्तमानकाळ. तिथे इंग्रजीला 'हॅव बीन' लागतं.

म्हणजे चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होते असं नाही. मराठी पक्कं असल्यामुळे होते. म्हणूनच अशा जोड्या ए पासून झेडपर्यंत पाठ करून फारसं हाती लागत नाही. मराठीत कोणता शब्द दोन इंग्रजी शब्दांचं काम एकटा करतोय ते आधी शोधायचं, आणि कोणता निवडायचा याची कसोटीही मराठीतच लावायची. मनातलं वाक्य मराठीत असतं, तेव्हा चाचणीही तिथेच घेतलेली बरी.

पहिली पायरी: जोडी कोणत्या ढिगातली आहे?

नवी जोडी समोर आली की तिला तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग: मराठीत एक शब्द, इंग्रजीत दोन. पासून, पर्यंत, चूक, भाडं, बंद करणे, चावणे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण दोन शब्दांत फरक आहे अशी शंकाच मनात येत नाही.

दुसरा ढीग: मराठीतही जोडी तयार आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. दिसणे आणि बघणे, ऐकू येणे आणि ऐकणे, वाढणे आणि वाढवणे. इथे मराठी तुमच्या बाजूने आहे.

तिसरा ढीग: अर्थाशी संबंध नाही, फक्त स्पेलिंगचा किंवा रूपाचा घोळ. स्टेशनरीचे दोन प्रकार, प्रिन्सिपलचे दोन प्रकार. इथे मात्र पाठांतराला पर्याय नाही, पण ते थोडं आहे.

दुसरी पायरी: 'पासून' आणि 'पर्यंत' पक्के करा

दोनच शब्दांसाठी वेळ असेल तर तो या दोघांना द्या. ऑफिसच्या ईमेलमधल्या वेळेच्या बहुतेक चुका यांच्यापाशी येऊन थांबतात.

'पासून'ची कसोटी अशी: 'पासून' काढा आणि सुरुवातीला 'गेली' लावून बघा. "पाच वर्षांपासून" हे "गेली पाच वर्षं" होतं का? होतं. मग फॉर. "२०१९ पासून" हे "गेली २०१९" होतं का? नाही. मग सिन्स. "सकाळपासून", "दिवाळीपासून", "लग्न झाल्यापासून" यांतलं काहीच 'गेली'च्या मागे बसत नाही, म्हणून सगळीकडे सिन्स. कारण सरळ आहे: सिन्सला आरंभाचा बिंदू लागतो, फॉरला लांबी लागते. मराठीतलं 'पासून' दोन्ही पेलतं.

एका ठिकाणी ही कसोटी फसते. "गेल्या महिन्यापासून" यात 'गेल्या' आहे तरी सिन्स येतं, कारण गेला महिना हा बिंदू आहे: सिन्स लास्ट मंथ. "गेला महिनाभर" म्हटलं की लांबी आली: फॉर अ मंथ. शब्दाला 'भर' जोडता आला, किंवा मागे आकडा आणि एकक असलं (तीन तास, दहा दिवस), तर फॉर. "गेल्या पाच वर्षांपासून" असं दुहेरी बोललात तरी आत आकडा आहे, म्हणून फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स.

काळही बरोबर बदला. सुरुवातीला आलेलं वाक्य असं हवं: "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स." आणि राहण्याबद्दल: कायमचं घर असेल तर लिव्ह, पाहुणे म्हणून, लॉजवर, आठवडाभर मावशीकडे असाल तर स्टे. "व्हेअर डू यू स्टे?" हा प्रश्न भारतात रुळलाय, स्कॉटलंडमध्येही तसंच विचारतात, त्यामुळे त्याला सरसकट चूक म्हणता येणार नाही. पण लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाला तो "कोणत्या हॉटेलात उतरलात?" असा ऐकू जाईल आणि उत्तरही तसंच मिळेल.

आता 'पर्यंत'. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

"पाच वाजेपर्यंत ये."
"पाच वाजेपर्यंत थांब."

मराठीत फरक क्रियापदातून कळतो, 'पर्यंत' तोच राहतो. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला अन्टिल. कसोटी: 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घाला. "पाचच्या आत ये" बसतं, म्हणून कम बाय फाइव्ह. "पाचच्या आत थांब" बसत नाही, म्हणून वेट अन्टिल फाइव्ह. येणं, देणं, भरणं, पाठवणं, संपवणं या क्रिया एकदा होऊन मिटतात. त्यांना शेवटची मुदत असते. थांबणं, वाट बघणं, झोपणं, दुकान उघडं असणं या क्रिया चालू राहतात. त्यांना शेवट असतो.

"प्लीज सबमिट द फॉर्म अन्टिल फ्रायडे" या मेलचा शब्दशः अर्थ होतो: शुक्रवार येईपर्यंत फॉर्म देत राहा. तिथे बाय फ्रायडे हवं.

नकारात खरी परीक्षा असते:

"आय वोन्ट बी होम बाय एट." आठच्या आत काही मी घरी पोहोचत नाही. केव्हा पोहोचेन ते सांगितलेलं नाही; नऊ होतील, अकराही होतील.

"आय वोन्ट बी होम अन्टिल एट." आठ वाजल्याशिवाय मी घरी नसेन. म्हणजे आठला येतोय.

घरी स्वयंपाक करून वाट बघणाऱ्या माणसाला या दोन वाक्यांतला फरक चांगलाच कळेल. नकारात 'वाजल्याशिवाय नाही' किंवा 'झाल्याशिवाय नाही' बसत असेल तर अन्टिल घ्या.

रजेच्या अर्जात अन्टिल वापरून आणखी एक गडबड होते. "ऑन लीव्ह अन्टिल फ्रायडे" म्हणजे शुक्रवारी हजर की गैरहजर? इंग्रजी बोलणाऱ्यांतही यावर एकमत नसतं. अमेरिकेत "थ्रू फ्रायडे" म्हटलं की शुक्रवार धरून. सगळ्यांना कळेल असा मार्ग म्हणजे शेवट न सांगता परतीचा दिवस सांगणं: "आय विल बी बॅक ऑन मंडे."

'पर्यंत' वेळेचा नसेल तर अन्टिलला हातही लावू नका. "स्टेशनपर्यंत चालत गेलो" इथे ॲज फार ॲज. "पन्नास लोकांपर्यंत बसतील" इथे अप टू. स्पेलिंगचं एवढंच: टिलला शेवटी दोन एल, अन्टिलला एकच.

'पूर्वी'चं झटपट उरकता येतं. आजपासून मागे मोजत असाल तर अगो आणि साधा भूतकाळ: "दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली." दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजत असाल तर बिफोर आणि हॅड: "लग्नाच्या दोन वर्षं आधीच तिने घर घेतलं होतं."

तिसरी पायरी: रोजच्या वापरातले फुगलेले शब्द फोडा

मराठीतले काही शब्द इतके कामसू आहेत की त्यांच्या पोटात तीन-चार इंग्रजी शब्द मावतात. 'बंद' हा त्यातला पहिला.

दार बंद कर, पंखा बंद कर, गाडी बंद पडली, लिफ्ट बंद आहे, फोन बंद येतोय, दुकान बंद झालं. एकाच शब्दावर घर चालतं. म्हणून तोंडातून "क्लोज द फॅन" जातं. इथे विचारायचा प्रश्न: नेमकं काय थांबलं किंवा मिटलं?

फट, झाकण, दार, डोळे, पुस्तक, बँकेचं खातं मिटलं, तर क्लोज किंवा शट. वीज, पाणी, गॅस यांचा प्रवाह थांबवला, तर टर्न ऑफ. विजेसाठी स्विच ऑफही चालतं, नळाला मात्र टर्न ऑफच. चालती वस्तू बिघडून थांबली, तर गाडीला ब्रोक डाऊन आणि घड्याळाला स्टॉप्ड. लिफ्टवर पाटी लावायची असेल तर आउट ऑफ ऑर्डर. दुकान आज बंद असेल तर क्लोज्ड, कायमचं बंद पडलं असेल तर क्लोज्ड डाऊन. एखादी क्रिया बंद करायला सांगायची असेल ("ती कटकट बंद कर"), तर स्टॉप.

'लावणे' तर याहून फसवं. "दार लाव" म्हणजे मिट, आणि "पंखा लाव" म्हणजे सुरू कर. एकच क्रियापद, परिणाम उलट. म्हणून लावणे, उघडणे, सोडणे यांचं थेट भाषांतर करूच नका. काय घडायला हवंय ते मनात आणा. "नळ सोड" म्हणजे टर्न ऑन द टॅप. "लाईट लाव" म्हणजे टर्न ऑन द लाईट.

'चूक'. "माझी चूक नाही" याचं "इट्स नॉट माय मिस्टेक" होतं आणि ते खटकतं. चूक कोणती, असं विचारता येत असेल तर मिस्टेक. चूक कोणाची, असा प्रश्न असेल तर फॉल्ट. गणितात हातचा राहिला ती मिस्टेक. गणित चुकलं त्याला जबाबदार कोण, हा फॉल्टचा विषय. "इट वॉज माय फॉल्ट" म्हणजे दोष माझा. "आय मेड अ मिस्टेक" म्हणजे माझ्या हातून अमुक चुकलं. मिस्टेक करतात, म्हणजे मेक. डू कधीच लागत नाही. 'चुकून' म्हणायचं असेल तर बाय मिस्टेक.

'भाडं'. घराचं, दुकानाचं ते रेंट. रिक्षाचं, बसचं, रेल्वेचं, म्हणजे माणसाने प्रवासासाठी मोजलेलं, ते फेअर. ट्रकने माल पाठवला तर फ्रेट. मंडपाच्या खुर्च्या, भांडी दोन दिवसांसाठी आणली तर हायर चार्जेस. "रिक्षावाला रेंट जास्त मागतोय" असं इंग्रजीत बोललात तर रिक्षा महिन्याने घेतल्यासारखं वाटतं. फेअर लक्षात ठेवायला सोपी खूण आहे: जुन्या इंग्रजीत 'फारन' म्हणजे प्रवास करणं, त्यातून फेअर आला, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आपण जो फेअरवेल देतो त्यातही तोच आहे. "प्रवास नीट होवो" हा त्याचा मूळ अर्थ.

भाड्याने देणं आणि घेणं यांतही फरक करता येतो. घरमालक देतो ते लेट, म्हणून फाटकावर 'टू लेट'ची पाटी. भाडेकरू घेतो ते रेंट. अमेरिकेत लेटऐवजी रेंट आउट म्हणतात.

'उसने' याच जातीचं. मराठीत दिशा 'घेणे' आणि 'देणे' सांगतात, इंग्रजीत दिशा शब्दातच असते: उसने घेणं बॉरो, उसने देणं लेंड. "कॅन यू बॉरो मी युवर पेन?" ही चूक तिथूनच येते. बॉरोनंतर 'फ्रॉम' येऊ शकतं, लेंडनंतर 'टू'. फ्रॉम म्हणजे माझ्याकडे येतंय, टू म्हणजे माझ्याकडून जातंय. एवढं धरलं तरी गोंधळ संपतो.

'चावणे'. कुत्रा चावला, डास चावला, साप चावला: बाइट, भूतकाळी बिट, तिसरं रूप बिटन. विंचू चावला, मधमाशी चावली, गांधीलमाशी चावली: स्टिंग, पुढची दोन्ही रूपं स्टंग. तोंडाने की नांगीने, एवढंच बघा. आणि "घास नीट चावून खा" इथे च्यू. परगावी डॉक्टरांना इंग्रजीत सांगायची वेळ आली तर बाइट आणि स्टिंग यांची अदलाबदल करू नका. उपचाराची दिशा त्यावर ठरू शकते.

डॉक्टरांचाच विषय निघालाय तर 'हात' आणि 'पाय'. खांद्यापासून मनगटापर्यंत आर्म, मनगटाच्या पुढे हँड. मांडीपासून घोट्यापर्यंत लेग, घोट्याखाली फूट. "पाय दुखतोय" याचं "माय लेग इज पेनिंग" करण्याआधी बोट कुठे ठेवता ते बघा. शिवाय दुखण्याला पेनिंगपेक्षा हर्ट्स चांगलं: "माय फूट हर्ट्स." पायाच्या बोटाला फिंगर म्हणत नाहीत, टो म्हणतात. विम्याच्या दाव्यात किंवा अपघाताच्या अर्जात हँड लिहिलं आणि रिपोर्टमध्ये कोपराचं हाड निघालं, तर प्रश्न उभे राहतात.

'सावली'त दोन शब्द आहेत. उन्हातून येऊन झाडाखाली बसलात ती शेड, जागा. भिंतीवर तुमच्या आकाराची पडलेली ती शॅडो, आकृती. गंमत अशी की दोन्ही एकाच जुन्या इंग्रजी शब्दाची वेगवेगळी विभक्तिरूपं. पुढे त्यांची कामं वाटली गेली. आपल्या सावलीने वाटणी केलेलीच नाही.

'शंका'. वर्गात हात वर करून "सर, आय हॅव अ डाउट" म्हणणं आपल्या शाळा-कॉलेजांत इतकं मुरलंय की 'डाउट क्लिअर करणं' हा मराठी वाक्प्रचारच झालाय. भारतात खुशाल वापरा. बाहेरच्या प्राध्यापकासमोर किंवा परदेशी क्लायंटसोबतच्या बैठकीत मात्र क्वेश्चन म्हणा. डाउट म्हणजे समोरच्याचं म्हणणं खरं आहे यावरच तुमचा विश्वास नाही, असा अर्थ तिथे निघतो, आणि बोलणारा विनाकारण बचावाच्या पवित्र्यात जातो.

'सतत' आणि 'ऐतिहासिक' लिखाणात नडतात. सतत फोन येत होते, म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा: कन्टिन्युअल. सतत दोन तास पाऊस पडला, म्हणजे सलग: कन्टिन्युअस. 'सारखे' बसतं की 'सलग' बसतं, ते बघा. रायगडावरचा १६७४ चा राज्याभिषेक हिस्टॉरिक, कारण त्याने इतिहास घडवला. त्या काळातलं मोडीतलं एखादं जमाखर्चाचं बाड हिस्टॉरिकल, कारण ते इतिहासातलं आहे.

चौथी पायरी: जिथे मराठीत जोडी आहे, तिथे तीच वापरा

सी आणि लुक यांतला फरक समजवायला व्याकरणाची पुस्तकं पानं खर्च करतात. मराठी माणसाला तो जन्मापासून माहीत असतो: मला दिसलं, मी बघितलं.

"मला दूरवर किल्ला दिसला." डोळ्यांवर आपोआप येऊन आदळलं. आय सॉ.
"मी किल्ल्याकडे बघितलं." मुद्दाम नजर वळवली. आय लुक्ट ॲट.
"मी मॅच बघितली." हलतं दृश्य, काही वेळ लक्ष देऊन. आय वॉच्ड.

वाक्य 'मला'ने सुरू होत असेल तर सी, 'मी'ने होत असेल तर लुक ॲट किंवा वॉच. सिनेमाला सी आणि वॉच दोन्ही चालतात, टीव्हीला वॉच. "ती थकलेली दिसते" इथे 'मला' नाही आणि मागे विशेषण आहे, म्हणून लुक: शी लुक्स टायर्ड. इथे ॲट येत नाही.

कानाचंही अगदी असंच. मला ऐकू आलं, हिअर. मी ऐकलं, लिसन टू. ऑनलाइन मीटिंगमध्ये नेट तुटायला लागलं की पटकन "आय ॲम नॉट लिसनिंग यू" निघून जातं. त्याचा अर्थ होतो: मी तुमच्याकडे लक्ष देत नाहीये. "मला ऐकू येत नाहीये" हे मनात आधी पूर्ण म्हणा, मग बोला: "आय कान्ट हिअर यू."

सेला 'म्हणणे' आणि टेलला 'सांगणे' बऱ्यापैकी जुळतात. टेलनंतर ऐकणारा थेट येतो: टोल्ड मी. सेनंतर तो 'टू' घेऊन येतो: सेड टू मी. घसरायची जागा एकच: मराठीत "तो मला म्हणाला" हे शुद्ध आहे, म्हणून "ही सेड मी" तोंडात येतं. 'मला' असलं की एकतर टोल्ड मी म्हणा, नाहीतर टू विसरू नका. खरं, खोटं, गोष्ट आणि घड्याळातली वेळ ही टेलकडेच जातात: टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल द टाइम. आणि "गाणं म्हण"मधलं म्हणणं सिंग आहे, से नाही.

'आठवणे' आणि 'आठवण करून देणे' म्हणजे रिमेंबर आणि रिमाइंड. "उद्या मला आठवण कर" यात 'करून दे'चा अर्थ दडलेला आहे, म्हणून रिमाइंड मी. "रिमेंबर मी टू युवर मदर" असं म्हणतात, पण त्याचा अर्थ "आईला माझा नमस्कार सांग".

आता या गटातलं सगळ्यात सुंदर दालन. वाढणे-वाढवणे, बसणे-बसवणे, पडणे-पाडणे. आपण 'व' घालून किंवा आतला स्वर बदलून 'स्वतः होणे'चं 'दुसऱ्याला करणे' बनवतो. इंग्रजीच्या पूर्वजांनीही स्वर बदलून हेच केलं होतं, आणि त्याचे अवशेष आज सगळ्यांना छळतात:

राइज वाढणे, रेझ वाढवणे. पगार वाढला, रोझ. मालकाने पगार वाढवला, रेझ्ड.
सिट बसणे, सेट बसवणे किंवा मांडणे.
फॉल पडणे, फेल (एफ-ई-डबल एल) पाडणे. झाड पडलं, फेल, हा फॉलचा भूतकाळ; झाड पाडलं, फेल्ड.
लाय आडवं पडणे, ले आडवं ठेवणे.

'पडणे'चं 'पाडणे' होतं तसंच फॉलचं फेल झालं, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की प्रत्येक जोडीला एकच प्रश्न पुरतो: कोणाला? उत्तर मिळालं तर दुसरा शब्द, नाही मिळालं तर पहिला.

लाय आणि ले यांचं मात्र खास दुखणं आहे. लायची रूपं: लाय, ले, लेन. लेची रूपं: ले, लेड, लेड. म्हणजे लायचा भूतकाळ आणि लेचा वर्तमानकाळ अक्षरशः एकच. "काल तो दिवसभर अंथरुणात पडून होता" हे "ही ले इन बेड ऑल डे येस्टरडे" असं होतं, आणि तिथे लेड लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. कोंबडी अंडी घालते तिथे कर्म आहे, म्हणून ले आणि लेड. खोटं बोलणाऱ्या लायचं सोपं आहे: लाय, लाइड, लाइड.

पाचवी पायरी: स्पेलिंगचा ढीग एका बैठकीत संपवा

वही-पेनाच्या स्टेशनरीत शेवटी ई-आर-वाय, कारण एन्व्हलप ई-ने सुरू होतो. थांबलेल्या गाडीच्या स्टेशनरीत ए-आर-वाय.

प्रिन्सिपल शेवटी पी-ए-एल असेल तर मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, आणि कर्जाची मुद्दलही. पी-एल-ई असेल तर तत्त्व. कर्जाच्या कागदावर पी-एल-ई दिसलं तर ती चूक आहे.

कॉम्प्लिमेंट मध्ये आय असेल तर प्रशंसा. मध्ये ई असेल तर पूरक, म्हणजे कम्प्लीटशी नातं असलेला.

ॲडव्हाइस, सल्ला हे नाम: शेवटी सी-ई, उच्चार 'स'. ॲडव्हाइझ, सल्ला देणे हे क्रियापद: शेवटी एस-ई, उच्चार 'झ'. नामाचं अनेकवचन होत नाही; 'ॲडव्हाइसेस' नको, 'सम ॲडव्हाइस' म्हणा. इथे फरक कानाला कळतो, म्हणून जिथे कळत नाही तिथे हीच जोडी मापाला घ्या. ब्रिटिश पद्धतीत प्रॅक्टिस आणि लायसन्स यांचंही तसंच: नाम सी, क्रियापद एस. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सी-ई ने लिहिलंय ते त्यामुळेच. अमेरिकेत लायसन्स दोन्हीकडे एस-ई, प्रॅक्टिस दोन्हीकडे सी-ई. एका लिखाणात एकच पद्धत ठेवा.

'ली' लावून अर्थ उलटतो त्याकडेही एकदा बघून घ्या. वर्क्ड हार्ड म्हणजे कसून काम केलं. हार्डली वर्क्ड म्हणजे काम केलंच नाही म्हणा ना. लेट म्हणजे उशिरा. लेटली म्हणजे अलीकडे. तसंच एका 'अ'ने फ्यूचा नूर बदलतो: अ फ्यू म्हणजे थोडे आहेत, नुसतं फ्यू म्हणजे फारसे नाहीत.

सहावी पायरी: वही, कोश आणि तपासणी

दोन्ही शब्द एकाच दिवशी पाठ करू नका. एकत्र शिकलेले, एकमेकांसारखे शब्द डोक्यात एकमेकांना चिकटतात, आणि नंतर "यातला कुठला कुठला?" एवढंच आठवतं. आधी जास्त वापरातला शब्द घ्या. बॉरो आणि लेंड असतील तर चार-पाच दिवस फक्त बॉरो, स्वतःच्या आयुष्यातल्या तीन वाक्यांत: कोणाकडून काय घेतलंत, ग्रंथालयातून कोणतं पुस्तक आणलंत. तो सहज निघायला लागला की लेंड.

वहीत एका जोडीला एक पान. वर मराठी शब्द, खाली कसोटीचा प्रश्न मराठीत, आणि त्याखाली दोन्हीकडे तीन-तीन वाक्यं. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्याने इंग्रजी बाजू झाकून मराठी वाक्यांवरून पुन्हा बोलून बघा.

कोश बघताना इंग्रजी-मराठी कोशात एकेक शब्द शोधून थांबू नका. बॉरो आणि लेंड दोन्हींसमोर 'उसने' दिसण्याचा धोका असतो. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात उदाहरणवाक्यं आधी वाचा, व्याख्या नंतर. उलट दिशेने जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उपयोगी पडतो. तो १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यात शोध घेता येतो. मराठी शब्दाच्या किती छटा आहेत ते त्यात उलगडून दाखवलेलं असतं. मात्र त्यातलं इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आहे. छटा तिथून घ्या, आजचा शब्द नव्या कोशातून.

भाषांतराच्या ॲपला सुटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या. "पर्यंत" टाकलंत तर ते काहीतरी एक उत्तर देईल. "शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा" आणि "शुक्रवारपर्यंत थांबा" अशी दोन वाक्यं टाकलीत, तर बाय आणि अन्टिल वेगवेगळे यायला हवेत. मग इंग्रजी वाक्य उलट मराठीत करून बघा, आणि 'च्या आत'ची कसोटी स्वतः लावा.

महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी त्यात फक्त पाच शब्द शोधा: सिन्स, अन्टिल, डाउट, मिस्टेक, स्टे. प्रत्येकापाशी थांबून मराठी वाक्य मनात म्हणा. 'गेली' बसतं का, 'च्या आत' बसतं का, शंका आहे की प्रश्न, कोणती की कोणाची, घर की मुक्काम. पानभराच्या मेलला याला दोन मिनिटंही लागत नाहीत.